व्हेराबाईंचे मोजे

॥ श्री तुळजाभवानी प्रसन्न ॥
नळदुर्ग, दि. ११ नोव्हेंबर २०२४

चि. नंदास, अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आणि वाक्प्रचारांचे दहा तुकडे काल पोचले. पाकीट फोडताना हर्षाली शेजारी होती. तिचं नेहमीचंच चालू झालं, की बाबा, हातात मोबाईल असताना तुम्ही दोघं बहीणभाऊ नळदुर्ग-सास्तूर कागद काय पाठवत बसता. मी म्हटलं, बाई गं, माझ्या कानातलं यंत्र फोनजवळ नेलं की शिट्टी मारतं, आणि तुझी आत्या फोनवर नुसती ओरडते. तिची माया कागदावरच कळते.

तुकडे बघितले. ‘आऊट ऑफ द ब्लू’ला तू ‘डोक्यावर बर्फ पडावा तसं’ हे रशियन दिलंस, एकदम पसंत. इंग्रजाचं निळ्या आभाळातून येतं, रशियनाच्या डोक्यावर बर्फ पडतो, आणि आपल्याला ध्यानीमनी नसताना गाठतं. ‘गिव्ह अप’ला मी ‘शरण जाणे’ लिहिलं होतं, तू खोडून ‘हात खाली सोडणे’ केलंस. मास्तर मी, इंग्रजी शिकवण्यात जन्म गेला, आणि चुका तू काढायच्या! पण खरंय तुझं. दोन्हींना पक्के म्हणून लाल ठिपका दिलाय, डब्यात टाक. ‘गेट ओव्हर’चा तुकडा तू याही वेळी कोराच परत पाठवलास. बरं. तो फिरू दे तसाच.

सोबत नवे दहा आहेत. यंदा दिवाळीनंतर लग्नपत्रिका लई आल्या, त्यामुळं पाठकोरा पुठ्ठा भरपूर आहे. एका तुकड्यामागं अर्धा गणपती आलाय, त्याला कात्री लावायचं जिवावर आलं.

मॉस्कोहून व्हेरा निकोलायेव्नांचं पत्र आलंय. आपल्या संपादकबाईंनी आता गुडघा धरलाय. डॉक्टर म्हणतात जिना चढू नका, आणि बाई राहतात चौथ्या मजल्यावर. मांजर मजेत आहे. आपल्या वाक्प्रचारकोशाचं पुस्तक कुठवर आलं विचारत होत्या, आणि तुझ्या मागच्या हिवाळ्यातल्या मोज्यांची फार तारीफ केलीय. त्यांच्या नातवानं म्हणे एका पायाचा मोजा पळवला.

एक गंमत. परवा सकाळी हर्षालीला म्हणालो, ते दे ना, ज्यात दूध तापवतात ते. पातेलं हा शब्दच येईना. साडेतीन हजार वाक्प्रचार डोक्यात कोंबल्यावर पातेल्याला जागा कुठून राहणार! खूप हसलो दोघं.

थंडीत पहाटे उठून अंगणात जाऊ नकोस. लोभ आहेच, तो तुझ्या चटणीबरोबर पाठवत जा.

तुझा,
उत्तरेश्वरदादा


॥ श्री तुळजाभवानी प्रसन्न ॥
सास्तूर, दि. ८ डिसेंबर २०२४

ती. दादांस, कृ. सा. न. वि. वि.

तुम्ही जाऊ नकोस म्हणालात आणि मी गेले. अंगणात शेवाळावर पाय घसरला काय आणि मांडीचं हाड मोडलं काय! तुम्ही नि हर्षाली सोलापूरला दवाखान्यात येऊन गेलात, तेव्हा मी गुंगीतच होते. आता घरी आहे. आत स्टीलची पट्टी बसवलीय, अडीच-तीन महिने जमिनीला पाय लावायचा नाही. शेजारच्या उमाबाई दोन्ही वेळा येतात. त्यांचं म्हणणं, लई नाचलात मास्तरीणबाई, आता गप पडा. शाळेतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी मी यांची मास्तरीणच.

दवाखान्यात तुम्ही मला आईच्या नावानं हाक मारलीत, आठवतंय का? दोनदा. नर्स म्हणाली, दगडाबाई कोण? मला गुंगीतही हसू आलं. मी आईसारखी दिसायला लागलेय म्हणायची.

आता कामाचं. पडल्यापडल्या मला दुसरं काही सुचत नाही, म्हणून नोव्हेंबरचे दहाही तुकडे करून टाकलेत. पण दादा, यातले तीन आपण केलेले आहेत. ‘पुल युवरसेल्फ टुगेदर’ला ‘स्वतःला हातात घेणे’, हे २००९ला ठरलंय. लाल ठिपक्याचा तुकडा माझ्या डब्यात आहे, मागं कुणा गौरीशंकरच्या लग्नाची तारीख आहे. नीट बघून पाठवत जा.

व्हेराबाईंच्या गुडघ्याचं वाचून वाईट वाटलं. आता दोघी लंगड्या. यंदाचे मोजे गुडघ्यापर्यंत विणलेत, राखाडी, वरती तांबडी पट्टी. उमाबाईंचा भाचा एसटीत आहे, त्याच्या हाती पाठवतेय. तुम्ही लगेच पार्सल करा, तिकडं आता बर्फ असेल. सोबत शेंगदाण्याची चटणी आहे. ती त्यांची आहे, तुमची नव्हे, डबा उघडू नका.

तब्येतीला जपा. आहे तेवढा जीव बहिणीवर असू द्या.

आपली,
नंदा


॥ श्री तुळजाभवानी प्रसन्न ॥
नळदुर्ग, दि. ३ जानेवारी २०२५

चि. नंदास, अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. पायाला जप.

सोबत नवे दहा आहेत. व्हेरा निकोलायेव्नांचं पत्र आलंय. आपल्या संपादकबाईंनी आता गुडघा धरलाय. डॉक्टर म्हणतात जिना चढू नका, आणि बाई राहतात चौथ्या मजल्यावर. मांजर मजेत आहे.

थंडी फार आहे. आईला सांग, मी सुट्टीला येईन.

तुझा,
दादा


॥ श्री तुळजाभवानी प्रसन्न ॥
सास्तूर, दि. १४ जानेवारी २०२५

ती. दादांस, सा. न. वि. वि.

आज संक्रांत. गोड बोलायचा दिवस आहे हे मला कळतं, पण जमणार नाही. वर्षभर साठवून ठेवण्यापेक्षा आजच बोलते.

तुम्ही ‘नवे’ म्हणून पाठवलेले दहाच्या दहा तुकडे जुने आहेत. दहाही! एकावर तर आपलाच लाल ठिपका आहे, तो खरवडायचीसुद्धा तसदी घेतलेली नाही. पत्रातला मजकूर नोव्हेंबरच्या पत्रातून उतरवून काढलाय. व्हेराबाईंचा गुडघा, चौथा मजला, मांजर, शब्दाला शब्द. आणि आई जाऊन एकवीस वर्षं झाल्यावर तिला निरोप? ही कसली थट्टा? मी अंथरुणाला खिळलेय म्हणून मला काहीही चालेल असं वाटलं का तुम्हाला?

कंटाळा आला असेल तर तसं सांगा. मॉस्कोतली ती बिचारी बाई तीस वर्षं वाट बघतेय. दर वेळी ‘घाई नाही, पण कधी’ असं विचारते. तिच्यापुढं तुम्ही माझी पार शोभा केलीत. ‘गेट ओव्हर’ माझ्याकडून होत नाही, एवढा एकच तुकडा अडलाय, बाकी माझी बाजू चोख आहे. तुमचीच चालढकल चाललीय.

तुम्हाला कळायचं नाही ते. वहिनी गेल्या तेव्हा तुमचे केस पिकलेले होते, लेक हाताशी होती, पेन्शन होती. तुम्हाला कधी कशातून बाहेर यावंच लागलं नाही. माझ्याजवळ हे एवढंच होतं दादा, हे पुठ्ठ्याचे तुकडे, आणि त्याचीही तुम्ही अशी माती केलीत.

व्हेराबाईंचा पत्ता उलट टपाली पाठवा. यापुढं मी त्यांना थेट लिहीन. तुमची गरज नाही.

नंदा


नळदुर्ग, दि. २ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास, हर्षालीचा शि. सा. न.

फोनवर रोज बोलतोय आपण, तरी हे पत्र लिहायला बसलेय, कारण हे फोनवर तोंडातून निघेना. बाबांच्या खोलीत सगळं ऐकू जातं असं मला वाटत राहतं, त्यांना ऐकू येत नाही तरी.

परवा सोलापूरहून घरी आणलं. उजवी बाजू गेलीय, वाचा गेलीय. डाव्या हातात चमचा धरता येतो. डॉक्टरांनी मेंदूचा फोटो दाखवला, त्यात हा मोठा झटका होताच, पण त्याआधीचे चार-पाच बारके डागही होते. म्हणाले, हे वर्षभरापासून चाललंय, तुमच्या लक्षात कसं नाही आलं? मी औषधाच्या दुकानात कामाला, रोज शंभर लोकांच्या गोळ्या बघते, आणि घरात बाबांना पातेलं म्हणता येईना तर मी हसले.

आत्या, एक सांगते, राग धरू नका, किंवा धरा. तुमचं संक्रांतीचं पत्र १८ तारखेला आलं. त्यांनी ते दोन दिवस खिशात घेऊन घर उलथंपालथं केलं. कपाटं काढली, खोके काढले. मी विचारलं काय शोधताय, तर म्हणाले, पत्ता. कुणाचा म्हटलं, तर माझ्याकडं बघत राहिले. वीस तारखेला सकाळी मोरीच्या दारात पडले. दवाखान्यात त्यांचा सदरा माझ्याकडं दिला, त्याच्या खिशात तुमचं पत्र होतं. ते मी वाचलं. वाचून मला तुमचा इतका संताप आला, की त्या दिवशी तुमचा फोन मी मुद्दाम घेतला नाही.

तुम्ही फोनवर म्हणालात, व्हेराबाईंचा पत्ता शोध, त्यांना दादांचं कळवायला हवं. मी शोधला. बाबांच्या पलंगाखालची लोखंडी पेटी उघडली. किल्ली त्यांच्या करगोट्याला असायची, दवाखान्यात काढून दिली होती.

पेटीत मोजे आहेत. आत्या, सगळे मोजे. एकोणतीस जोड. प्रत्येकात बाबांच्या अक्षरातली चिठ्ठी, कुठल्या सालचे ते. अगदी वरती यंदाचे राखाडी, तांबड्या पट्टीचे. खाली दोन सोलापुरी चादरी, एक खण, आणि तुम्ही मॉस्कोला पाठवलेलं उटणं, त्याचा आता दगड झालाय. चटण्या तेवढ्या दिसत नाहीत, त्या आमच्याच पोटात गेल्या. लहानपणी बाबा सांगायचे की व्हेराबाईंनी आपला वाटा काढून ठेवलाय. मला ते खरं वाटायचं.

आणि एक शंभर पानी वही आहे. वरती लिहिलंय, ‘व्हेरा’. आत तारखा आहेत. ‘१९९६ : मांजर आणलं. नाव मूर्का.’ ‘२००१ : नवरा वारला, हे नंदाला हळूच सांगणे.’ ‘२००३ : मूर्का मेली. नंदा रडेल, म्हणून लगेच दुसरं.’ ‘२०११ : नातू. नंदाला नाव विचारलं, तिनं सुचवलेलंच ठेवलं.’ कुठल्या पत्रात काय सांगितलं ते विसरू नये म्हणून ठेवलेली वही आहे ही. मॉस्कोचं एक पत्र नाही, पाकीट नाही, तिकीट नाही. नव्वदीतले दोन नकार तेवढे आहेत, दिल्लीच्या कुठल्याशा ऑफिसचे, की असा कोश छापायची सोय नाही.

कुणी व्हेराबाई नाहीत, आत्या. पुस्तक कुणी मागितलेलं नाही.

काय करू ते सांगा. लोभ मागायचं मला आज धाडस नाही.

तुमची,
हर्षाली


सास्तूर, दि. ९ फेब्रुवारी २०२५

चि. हर्षालीस, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र उमाबाईंनी आणून दिलं आणि मी वाचताना त्या समोर बसून होत्या. मी ओरडले म्हणे. मला आठवत नाही. त्यांनी दार लावून घेतलं आणि माझं डोकं मांडीवर धरलं.

तू संतापलीस ते बरोबर केलंस. माझ्या वाटणीचा थोडा संताप राहिला असेल तोही काढ. त्या माणसाला मी लिहिलं, की तुमची गरज नाही. देवा, कुठल्या हातानं लिहिलं मी हे?

तुला त्या दिवसांचं नीट कुणी सांगितलेलं नाही. तू तेव्हा मांडीवरची होतीस. त्र्याण्णवच्या भूकंपात तुझे आतोबा, म्हणजे माझे मालक, आणि माझी अर्पिता, चार वर्षांची, दोघं गेले. मी तुळईखाली सापडले. मला बाहेर काढलं ते दादांनी, नळदुर्गहून ट्रकनं येऊन, हातांनी दगड उपसून. नंतर आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहायचो. मी उठत नव्हते. नुसती भिंतीकडं तोंड करून पडलेली. जेवण आलं तर खायचं, नाही तर नाही. दादांनी नळदुर्गला चल म्हणून किती सांगितलं, मी गेले नाही. माझी पोर इथं मातीत होती, मी कुठं जाणार?

मग एक दिवस पोस्टमन आला. शेडच्या दारात उभा राहून म्हणाला, बाई, सही लागती, उठावं लागंल. रजिस्टर पत्र होतं. आत एक तुकडा, त्यावर एकच इंग्रजी वाक्प्रचार, आणि दादांची चिठ्ठी : पुण्यात आपण दोघं रशियन शिकलो ते वाया गेलं नाही, मॉस्कोच्या एका प्रकाशनाला इंग्रजी-रशियन वाक्प्रचारांचा कोश हवाय, मला इंग्रजी येतं पण रशियन तुझं पक्कं, तू नाही केलंस तर माझी नाचक्की होईल. दुसऱ्या दिवशी पुन्हा रजिस्टर. तिसऱ्या दिवशी पुन्हा. वर्षभर रोज एक, हर्षाली. रोज मला उठावं लागायचं, दारापर्यंत जावं लागायचं, सही करावी लागायची. नंतर केस विंचरून बसायला लागले, कारण पोस्टमन यायचा. मास्तरांच्या पगारात रोज एक रजिस्टर पत्र! तुझ्या आईनं त्याबद्दल एका शब्दानं मला कधी जाणवू दिलं नाही. वहिनींचे पाय धरायचेही राहून गेले.

मला कसं कळलं नाही म्हणशील. मला वाटतं मला कळून घ्यायचं नव्हतं. व्हेराबाई माझ्या अर्पिताबद्दल विचारायच्या. इथं कुणी विचारत नसे, सगळे टाळायचे. ती एकटी विचारायची, आज ती केवढी झाली असती, कुठल्या वर्गात असती. म्हणजे ते दादाच विचारायचे. समोर बसून त्यांना विचारवलं नसतं.

माझ्या पायाला अजून तीन आठवडे आहेत. डॉक्टरला म्हटलं मला गाडीत आडवी घालून न्या, तर तो म्हणे पट्टी सरकली तर पुन्हा कापावं लागेल. फोन त्यांना ऐकू येत नाही. मी तुझ्या फोनवर तोंड दाखवलं तर ते माझ्याकडं बघून डोळे मिटून घेतात, तू बघितलंस. त्या पत्राची शरम त्यांना वाटतेय, मला वाटायला हवी ती.

म्हणून सोबत एक बंद पाकीट आहे. आत रशियनमध्ये पत्र आहे. व्हेरा निकोलायेव्नांचं. त्यांना दे, काही बोलू नकोस. माझं अक्षर ते ओळखतीलच, तरी दे. त्यांनी तीस वर्षं मला तिची पत्रं सांगितली, तिनं त्यांना एकही लिहिलेलं नाही. एक तरी यायला हवं.

त्यांचा डावा हात धरून बस. तुझ्यावर माझा जीव आहे, तो आता तूच सांभाळ.

तुझी,
आत्या


नळदुर्ग, दि. २३ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास, हर्षालीचा शि. सा. न.

पाकीट दिलं. काही बोलले नाही. त्यांनी पाकीट बघितलं, पालथं करून बघितलं, मग मला खूण केली, चष्मा. वाचायला बराच वेळ लागला. मधे एकदा तोंडातून आवाज निघाला, मला वाटलं घास अडकला, पण ते हसत होते. मग रडले. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. काय लिहिलंत त्यात? राहू दे, नका सांगू.

संध्याकाळी कागद मागितला. मी पाटी दिली, ती ढकलली, कागदच हवा. डाव्या हातानं चार दिवस लिहीत होते. रोज दोन ओळी, तीन ओळी. खाडाखोड केली की मी कागद बदलायचा. पेन सुटून पडायचं, तर मी उचलून द्यायचे, आणि ते डोळ्यांनी म्हणायचे, तिकडं बघ, वाचू नको. मला कुठं वाचता येतंय! त्यांच्या तोंडावर इतकी घाई मी कधी बघितली नव्हती. काल पुरं झालं. स्वतः घडी घातली, पाकिटात घालून माझ्या हातात दिलं आणि बोटानं लांब, लांब अशी खूण केली. मॉस्कोला टाक.

मी दुसरं कुठं टाकणार? या पत्रात घालून तुम्हालाच पाठवतेय.

रात्री नीट जेवले. आज मला बघून ‘ये’ असा काहीसा आवाज काढला. तुम्ही येईपर्यंत बरीच सुधारणा होईल असं मला आतून वाटतंय. त्यांना फोनवर तुमचं तोंड दाखवलं तर आज डोळे मिटले नाहीत, हे तुम्हीही बघितलंत ना?

लवकर या. तोवर माया या कागदावरून पाठवत राहा, आमच्या घरात तीच चालते.

तुमची,
हर्षाली


॥ श्री तुळजाभवानी प्रसन्न ॥
सास्तूर, दि. १८ मार्च २०२५

चि. हर्षालीस, अनेक उत्तम आशीर्वाद.

दादांच्या तेराव्यानंतर तू मला जीपपर्यंत सोडायला आलीस तेव्हा माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस. मी ओळखलं. परवा तुझ्या दुकानाचे मालक शिवपुत्र यांचा फोन आला होता. सांगत होते, पोरगी कामाला येत नाही, फोन उचलत नाही, शेजारी म्हणतात दिवसभर पडून असते. खरं का हे?

मला उशीर झाला, हर्षाली. सव्वीसच्या सकाळी ते गेले आणि मी दुपारी पोचले, पट्टी गेली खड्ड्यात म्हणून जीपमध्ये आडवी होऊन. त्यांचे पाय धरले तेव्हा ते गार होते. त्यांच्या पायात माझे राखाडी मोजे घातले होतेस, ते बघितलं मी. बरं केलंस. तीस वर्षं पेटीत राहिलेल्यातला एक जोड तरी कामी आला.

मी तुझ्याकडं होते तेव्हा तुझं २३ तारखेचं पत्र इथं येऊन पडलं होतं. उमाबाईंनी देवळीत ठेवलेलं. परत आल्यावर उघडलं. त्यांच्या अक्षराचे खिळे झालेत, ओळी उतरत गेल्यात, पण रशियन एकदम शुद्ध. बोलायचं पातेलं गेलं, हे राहिलं. तुला वाचता येत नाही, म्हणून मराठी करून देते. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड दहा ओळींचं भाषांतर हे.

‘आदरणीय व्हेरा निकोलायेव्ना, डाव्या हाताबद्दल क्षमा करा. तुमचं पत्र पोचलं. उशीर माझ्याकडून झाला, माझ्या बहिणीचा त्यात काही दोष नाही. ती कामात फार चोख आहे. एक विनंती आहे. मी नसलो तरी काम बंद करू नका. ती या कामासाठी सकाळी उठते. तिला काही कळू देऊ नका. अधूनमधून तिला अर्पिताचं विचारत जा, ती आता पस्तीस वर्षांची असती. दर महिन्याला दहा. तुमचा गुडघा कसा आहे?’

एवढंच आहे. हे त्यांनी व्हेराबाईला लिहिलं की मला, ते मी ठरवू शकत नाही. तिला आपणच बनवलं हे त्यांना आठवत होतं की नव्हतं, ते आता कुणाला विचारू? मी माझ्या पत्रात तिच्या नावानं त्यांना एवढंच लिहिलं होतं, की नंदा तुमच्यावर रागावलेली नाही, ती वेडी आहे, घाई करू नका, आम्ही थांबू. त्यावर त्यांचं हे उत्तर आलं. माफी मागायची होती मला, आणि कामाला लावून गेले.

मी रडले. उमाबाई म्हणाल्या, रडा, लई दिवसाचं तुंबलंय. दोन दिवस उठले नाही. तिसऱ्या दिवशी कुबडी घेऊन उठले आणि डबा काढला.

आता नीट ऐक. मॉस्कोहून पत्र आलंय. व्हेरा निकोलायेव्ना म्हणतात, उत्तरेश्वरराव गेल्याचं कळून फार दुःख झालं, पण कोश थांबवता येणार नाही. इंग्रजीची बाजू आता त्यांच्या मुलीनं बघावी असं त्यांचं म्हणणं आहे. तुला रशियन येत नाही हे मी त्यांना कळवलंय. त्या म्हणतात चालेल, तिनं मराठीत अर्थ लिहावा, पुढचं आत्या बघेल. बाई जरा हट्टी आहेत, तुझ्या बाबांवर गेल्यात.

म्हणून सोबत एकच तुकडा पाठवतेय. ‘गेट ओव्हर.’ तीस वर्षं मी तो कोरा परत पाठवला, आता तुझ्याकडं. जमलं नाही तर कोराच परत पाठव, तुला कुणी काही बोलणार नाही. पण परत पाठव. रजिस्टरनं पाठवलंय, सही लागेल. पोस्टमनला दारात उभं ठेवू नकोस, केस विंचर.

उद्या दुसरा येईल.

ती शंभर पानी वही मला पाठवून दे. त्यात लिहायचंय, की यंदा व्हेराबाईंचा गुडघा जरा बरा आहे.

लोभ तुझा माझ्यावर असो नसो, उत्तर येऊ दे.

तुझी,
नंदाआत्या